न आलेला दगड

मंगळवार आणि शुक्रवार, दुपारचे पावणेदोन वाजले की खेमराजच्या पायाला भिंगरी लागायची. जेवत असला तर ताटावरून उठायचा, कुणाशी बोलत असला तर बोलणं अर्धं टाकायचा. अंगणातून ओट्यावर, ओट्यावरून अंगणात. शांतीबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, दोन-तीन आठवडे हे पाहिलं आणि मग तोंड उघडलं.

"बसा ना एका जागी. घिरट्या कायले घालून राहिले?"

"कोठं घालून राहिलो?"

"मंग हे आंगन कोन झिजवून राहिलं? मी?"

खेमराज पुन्हा ओट्याकडे वळायचा. डोंगरापलीकडच्या गिट्टी खदानीत दोन वाजता सुरुंग उडायचा, त्याच्या पंधरा मिनिटं आधी भोंगा वाजायचा. पण हे तर नऊ वर्षांपासून चाललं होतं. उलट आता भिण्यासारखं काही उरलं नव्हतं. दगड येणं बंद झालं होतं. आणि ते बंद करणारा वीर कोण, तर हाच खेमराज. गेल्या दिवाळीत गावाने त्याला इतके हार घातले की झेंडूचा वास दोन दिवस कानामागे राहिला. असा माणूस घाबरतो म्हणून सांगणार तरी कोणाला?

निंबटोला हे गाव अर्जुनी मोरगावच्या पुढे, एका तलावाला धरून वसलेलं आहे. तलाव आपल्या वाडवडिलांनी बांधला, हे सांगितल्याशिवाय कोहळी जातीच्या माणसाला जेवण पचत नाही. खेमराजलाही पचायचं नाही. डोंगराच्या उतारावर वरचा टोला, म्हणजे वरची वस्ती, तिथे खेमराजचं कवेलूचं, म्हणजे मातीच्या कौलांचं घर. मध्ये तलाव. आणि तलावाच्या मातीच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, धानाच्या शेतांना लागून खालचा टोला; तिथे बौद्धांची चाळीस घरं. डोंगराच्या पाठीमागे खदान.

दगड यायचे ते वरच्या टोल्यावर. सुरुंग उडाला की डोंगरावरून उडून येत, कधी कवेलू फोडत, कधी भाजीच्या वाफ्यात रुतत. एक शांतीबाईच्या गाईच्या पाठीवर पडला. गाय तीन दिवस उठली नाही आणि चौथ्या दिवशी मेली. त्या दिवसापासून खेमराजने एकेक दगड गोळा केला, त्यावर पांढऱ्या ऑइल पेंटने नंबर टाकला, वहीत तारीख लिहिली आणि अंगणात ढीग लावला. एक्केचाळीस दगड झाले, तेव्हा तो गाव घेऊन खदानीच्या फाटकावर जाऊन बसला. अकरा दिवस बसला.

बाराव्या दिवशी शाळेच्या पटांगणात बैठक झाली. खदानीचा मॅनेजर गजेंद्र, गोंदियाच्या फुलचूरचा, अर्धी हिंदी अर्धी मराठी बोलणारा, कागद घेऊन आला. कागदावर लिहिलं गेलं, डोंगराच्या अलीकडे एक जरी दगड आला तर खदान बंद. तेवढ्यात मागून रत्नपाल उठला. हा खालच्या टोल्यातला. खदानीत भोकांत बारूद भरून सुरुंग उडवणं हे त्याचंच काम.

"दगड बंद करा म्हनता ते बराबर हाये," तो म्हणाला, "पन त्या बारुदीचं मंग..."

"तू बस," खेमराज म्हणाला. "मालकाच्या ताटात जेवनाऱ्यानं आमाले शिकवू नाही."

लोक हसले. रत्नपाल बसला. गजेंद्रने फटकन सही केली. माणूस इतक्या पटकन सही करतो तेव्हा आपण काय लिहायचं विसरलो ते पाहावं. पण त्या वेळी पाहणार कोण, हार गळ्यात पडत होते.

त्यानंतर खरंच एक दगड आला नाही. तरी खेमराजचा जीव थाऱ्यावर नव्हता.

यंदाची दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली होती. लवकर येणारा हलका धान कापून झाला होता आणि उशिराच्या भारी धानाला शेवटचं पाणी द्यायचं होतं. खेमराज गावाचा पाटकरी, तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी सोडायचं ते ठरवणारा. शुक्रवारी दुपारी तो पाळीवर गेला. पाळीवर चप्पल घालून चढायचं नाही, हा त्यांच्या घरचा नियम. आजा म्हणायचा, पाळ ही निजलेली म्हातारी आहे, तिच्या अंगावरून अनवाणीच जावं. खेमराजने चपला चिंचेखाली काढल्या आणि भोंगा वाजला तरी तो घरी फिरला नाही. पाण्याचं काम टाकून पळायला त्याला लाज वाटली.

दोन वाजले. आधी तळव्यांना कळलं. पाळीतून काहीतरी सरसरत आलं आणि पोटऱ्यांमधून वर चढलं. खाली पाणी शहारलं, काठाकाठाने बारीक तरंग उठले. मग खेमराजने मनात एक म्हटलं, दोन म्हटलं, आणि तेव्हा कुठे कानावर आवाज आला. तोही दबका, कोणीतरी उशीत तोंड घालून ओरडावं तसा.

पाण्यावर सागाचं एक वाळलेलं पान होतं. तरंग एकामागून एक त्याच्या खालून गेले. पान वर झालं, खाली झालं आणि होतं तिथेच राहिलं. खेमराज त्या पानाकडे पाहत राहिला. पाणी कुठून कुठे गेलं नव्हतं. खदानीतून कणभर माती इथे आली नव्हती. तरी त्याच्या डोळ्यांदेखत पाळीच्या आतल्या अंगाला बसवलेल्या दगडांमधला एक निसटला आणि डुबकन पाण्यात गेला.

तो धावत पाळीच्या बाहेरच्या अंगाला उतरला. तिथे तळाशी एक जागा नेहमीच ओली असायची. आजाने त्याला लहानपणी शिकवलं होतं, की पाझर निवळ असेल तर पाळीला घाम आला म्हणावं आणि घरी जाऊन जेवावं; पाझर गढूळ झाला तर जेवू नये. कारण गढूळ पाणी म्हणजे पाळ आतून वाहून जायला लागली. खेमराजने ओंजळ भरली. पाणी तांबूस होतं, आणि ओतून टाकल्यावर तळहातावर चिकणमाती राहिली.

तो घाबरला.  समोर, पन्नास पावलांवर, खालच्या टोल्याची घरं होती. दोरीवर लुगडी वाळत होती, एका ओट्यावर कोणीतरी पापड उन्हात घालत होतं.

रत्नपालचं घर पाळीकडून तिसरं. पाणीवाटपासाठी खेमराज या टोल्यात दर हंगामात यायचा, उभ्याउभ्या बोलायचा आणि जायचा. आज तो अंगणात जाऊन उभा राहिला. रत्नपालच्या बायकोने, अल्काने, खुर्ची आणून ठेवली आणि तो बसला, तेव्हा तीही जरा चमकली.

"ते पाच वाजता येतीन," ती म्हणाली. "काही काम होतं का, भाऊ?"

"इथं काही हालते का वो? दोन वाजता?"

अल्काने त्याच्याकडे नीट पाहिलं. "मांडनीवरचे ताटं वाजते. मी तं हात लावून उभी राहतो."

"कवापासून?"

"तुमच्या गळ्यात हार पडले तवापासून."

 खेमराज पाच वाजेपर्यंत बसला. दोनदा उठून पाळीकडे जाऊन आला, दोनदा पुन्हा बसला. अल्काने आणून ठेवलेला चहा थंड झाला.

रत्नपाल सायकलवरून आला. अंगभर गिट्टीची पांढरी धूळ. खेमराजला खुर्चीवर पाहून त्याने सायकल टेकवली, हातपाय धुतले, पंच्याने तोंड पुसलं, सगळं सावकाश. मग बाजेवर बसला.

"पाझर गढूळ झाला," खेमराज म्हणाला.

"मालूम हाये. दिवसाआड पाहून येतो."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तवा सांगत होतो ना, खेमराजभाऊ. तुमी बस म्हनलं. बसलो."

खेमराजची मान खाली गेली. रत्नपाल मात्र हिशेब चुकता करणाऱ्यांतला नव्हता. त्याने खुंट्याला बांधलेला गुरांचा दोर हातात घेतला, ताणला आणि एक झटका दिला. दोराला एक बाक आला, सरसर धावत गेला आणि खुंटा हलला.

"दोर माह्या हातात होता ना? अजून हातातच हाये. खुंट्याजवळ दोर गेला नाही, झटका गेला. जमिनीचं तसंच. आधी आमी भोकं उथळ पाडत होतो. बार उडाला का दगड फेकण्यात त्याचा जोर खर्च होये. आता मालकानं भोकं खोल केली, वरून माती ठासाले लावली, त्याच्यावर रबराचे पट्टे. दगड उडत नाही. पन बारूद तेवढीच हाये. त्या जोराले कोठं तं जावाच लागते. वर जाऊ देल्लं नाही, तं खाली गेला. तिथून पाळीत."

"दगड तं डोळ्याले दिसते," खेमराज पुटपुटला. "हे काहीच नाही दिसत."

"दिसत नाही तं काय झालं? सूर्यापासून इथवर मधात काय हाये? हवा नाही, माती नाही. काहीच नाही म्हनते. तरी उन्हाळ्यात पाठ भाजतेच का नाही?" रत्नपालने दोर खाली ठेवला. "हादऱ्याले माती लागते, आवाजाले हवा लागते, उजेडाले तं काहीच नाही लागत. पन पोचते सारं."

खेमराजला एकदम सगळं उमजलं आणि उमजल्याबरोबर अंगावर आलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं त्याने केलं होतं. केलं तेही बरोबर अशा जागी, की आपल्या टोल्यावरचं संकट उचलून त्याने या टोल्याच्या उशाशी आणून ठेवलं होतं. वर शंभर लोकांसमोर याच माणसाला बस म्हटलं होतं.

"लहान लहान बार नाही करत का?"

"चार दिवस चार लहान बार केले तं काहीच नाही होत. ना दगड, ना हादरा. पन मालकाले ते पुरत नाही. कायले करन? कागदावर तुमी फक्त दगड लिवला."

कागदावर फक्त दगड लिहिला. दगड आला तर खदान बंद. हे वाक्य खेमराजच्या डोक्यात शिरलं आणि तिथेच घर करून बसलं. शनिवारी त्याने तालुक्याला जाऊन अर्ज दिला. साहेब दिवाळीनंतर पाहणीला येतील असं कळलं. दिवाळीनंतर! तोवर मंगळवार, शुक्रवार, पुन्हा मंगळवार. रविवारी आणि सोमवारी तो पाळीवरच राहिला. ओंजळ भरायची, पाहायची, ओतायची. जेवण त्याने खरोखरच सोडलं होतं. शांतीबाईने विचारलं तर पोट बिघडलं म्हणायचा.

मंगळवारी शांतीबाई धान कापायला गेली. भोंगा वाजला तसा खेमराज उठला आणि अंगणातल्या ढिगावरून तेवीस नंबरचा दगड उचलला. नंबर खरवडून पाहिला. ऑइल पेंट हटायला तयार नाही. शेवटी त्याने वाफ्यात वीतभर खड्डा केला, नंबर मातीकडे करून दगड त्यात दाबला, भोवती दोन-चार वांग्याची रोपं मोडली. जन्मात त्याने खोटी साक्ष दिली नव्हती. पण मनात एकच हिशेब होता: खदान पंधरा दिवस जरी बंद राहिली तरी तेवढ्यात तलावाचं पाणी हळूहळू सोडून देता येईल, पाळ हलकी होईल.

तळव्यांना कळलं. एक, दोन. आवाज आला. आणि खेमराज ओरडला, "दगड आला!"

वरचा टोला गोळा झाला. सगळ्यांत पुढे शेजारचा चैतराम, गेल्या वर्षी पहिला हार घालणारा. त्याने लगेच फोन लावला, आणि अर्ध्या तासात गजेंद्र मोटारसायकलवर आला. खिशात कागद होता. खेमराजला वाटलं होतं, हा वाद घालेल, दगड उलटापालटा करील. गजेंद्रने दगडाकडे धड पाहिलंही नाही.

"कागद कागद है काका," तो म्हणाला. "खदान बंद. मालकाला काय, दिवाळीत लेबर सुट्टीवरच जातो. पण ज्याची गलती, त्याला सोडणार नाही. बार कोणी भरला आज?"

रत्नपाल सायकल घेऊन गर्दीच्या मागे येऊन उभा होता. धापा टाकत होता.

"मी भरला, साहेब. पन माह्या भोकातून खडा बी उडाला नाही."

"मग हा आकाशातून पडला? उद्यापासून येऊ नको. आणि निष्काळजीपणाची तक्रार पण देतो पोलिसात. किसी के सर पे गिरता तो?"

सगळे रत्नपालकडे पाहत होते. रत्नपाल दगडाकडे पाहत होता, मग त्याने मोडलेल्या वांग्यांकडे पाहिलं, मग खेमराजकडे. नऊ वर्षं दगड उडवणाऱ्या माणसाला उडून आलेला दगड आणि ठेवलेला दगड यांतला फरक कळणार नाही, असं कसं होईल. एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. तो बोलला नाही. सायकलच्या हँडलवर त्याच्या मुठी आवळल्या होत्या, आणि पाळीखाली त्याची बायको होती.

गप्प राहिलं असतं तर खेमराजचं काम झालं होतं. खदान बंद होत होती, पाळ वाचत होती, आपली इज्जतही शाबूत राहत होती. फक्त दुसऱ्यांदा याच माणसाला खाली बसवायचं होतं. खेमराजला ते जमलं नाही. त्याने वाकून दगड उलटा केला आणि हाताने माती पुसली. पांढरा तेवीस स्पष्ट दिसला.

"हा आज आला नाही," तो म्हणाला. "मागल्या सालच्या आषाढात आला होता. आज मी ठेवला. रत्नपालची गलती नाही."

लोक वाकून नंबर पाहू लागले. मग चैतराम हसायला लागला आणि मध्येच त्याचं हसू विझलं. "काऊन, खेमराज? दगड तं बंद झाले ना. आता अजून काय पायजे तुले?"

"दगड पायजे," खेमराज म्हणाला. "येऊ द्या दगड."

त्याने सांगायला सुरुवात केली. पान, तरंग, दोर, गढूळ ओंजळ. सगळं मागेपुढे झालं, शब्द धड सापडेनात. तरी तो सांगत राहिला. आपण दगड अडवला आणि त्यामागचा जोर तसाच सोडून दिला, असं तो दोनदा म्हणाला. पाळ फुटली तर खालचा टोला जाईल, आणि ते पाप मालकाचं अर्धं आणि आपलं अर्धं. गर्दीतून कोणी म्हणालं, याच्या डोक्यावरच दगड पडला. दोन म्हातारे मात्र गढूळ शब्द ऐकल्याबरोबर काठ्या टेकत पाळीकडे निघाले. तेही पाळ बांधणाऱ्यांचेच नातू होते.

"लहान बार करा," खेमराज गजेंद्रला म्हणाला.

"वो नहीं होगा. मालक नाही म्हणतो. दोनच रस्ते आहेत काका, वर जाईल नाही तर खाली जाईल."

"मंग वर जाऊ द्या. उन्हाळ्यात तलाव उतरन, आमी पाळ बांधून घेऊ, तवापर्यंत."

"आमच्या घरावर?" चैतराम गरजला. "माह्या घरात लहान लेकरं हाये. मी सही नाही करत."

त्याचंही चूक नव्हतं. कोणीच सही करायला पुढे येईना. तेव्हा रत्नपाल पहिल्यांदा बोलला, हलक्या आवाजात आणि फक्त खेमराजशी. "पूर्वेच्या कोपऱ्यातून बार काढला तं दगड दूर पसरत नाही. एकाच पट्ट्यात येते." पुढचं सांगायला त्याला जड गेलं. "त्या पट्ट्यात तुमचंच घर हाये."

खेमराजने कागद मागितला. गजेंद्रने तो उलटून पाठीमागे लिहिलं, उथळ भोकं, पूर्वेचा कोपरा, खेमराजच्या घराची तक्रार नाही. उथळ भोकं मालकाला स्वस्तच पडतात, त्यामुळे त्याचं अक्षर सुंदर येत होतं. खेमराजने सही केली आणि मान वर केली, तर गर्दीच्या कडेला शांतीबाई उभी होती. हातात विळा, डोक्यावर धानाच्या पेंढीचं कुसळ. तिने सगळं ऐकलं होतं. ती वळून घरात गेली.

दिवेलागणीनंतर ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"गाय मेली तवा मी तीन दिवस तिच्याजवळ बसून होती. पानी चमच्यानं पाजत होती."

"मालूम हाये."

"सही कराच्या आधी मले इचारलं?"

"नाही."

"इचाराचं होतं," ती म्हणाली आणि ताट वाढायला उठली. खेमराजला रडू आलं. त्याने चार दिवसांनी पहिल्यांदा पोटभर भात खाल्ला.

शुक्रवारी सकाळपासून ती घर उतरवत होती. आरसा, देव, लेकीच्या लग्नाचा फोटो, पितळी डबे. सगळं पोत्यात घालून बाजेखाली. साडेबाराला तिने नवी गाय सोडली आणि दावं हातात घेऊन पाळीच्या वाटेने निघाली. खेमराज मागोमाग. वाटेत चैतराम आपल्या ओट्यावर बसला होता. त्याने पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं, आणि मग उठून मुलांना आत घेतलं.

"कोठं चाललो आपन?" खेमराजने विचारलं.

"रत्नपालच्या घरी. अल्काले सांगतलं मी काल. पाळ राहते म्हनता ना तुमी? मंग तिच्याच खाली बसू."

अल्काने गाईला खुंट्याला बांधलं, पेंढी टाकली आणि बाज अंगणात आणली. शेजारच्या दोन-तीन बायका येऊन बसल्या.  रत्नपाल खदानीवर होता, सुरुंग त्यालाच उडवायचा होता. भोंगा वाजला, आणि खेमराज उठून कुंपणापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. या वेळी शांतीबाईने त्याला बसा म्हटलं नाही. ती स्वतःही उभी होती, हात गाईच्या पाठीवर.

दोन वाजले. खेमराजने चपला काढून तळवे मातीवर दाबले. काहीच आलं नाही. मग जमिनीतून जेमतेम काहीतरी गेलं, लांबच्या रस्त्यावरून बैलगाडी जावी तेवढंच. घरातली भांडी गप्प होती. एक, दोन, आणि आवाज आला, मोकळा, खणखणीत, वर्षभरात ऐकला नव्हता एवढा मोठा. गाय दाव्याला हिसका देऊन मागे सरली. पाळीच्या तळाशी जाऊन बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकाने ओंजळ वर करून दाखवली. तिच्यात काय होतं ते इतक्या दुरून दिसत नव्हतं, पण तो हसत होता.

मग तलावाच्या पलीकडून, वरच्या टोल्याकडून, कवेलू फुटल्याचा आवाज आला.

अल्काने तोंडावर पदर घेतला. शांतीबाई मान तिरकी करून ऐकत होती. तीस वर्षं सारवलेलं घर होतं तिचं, कोणती भिंत कुठे पोकळ वाजते ते तिला पाठ होतं.

"हा गाईचा कोठा," ती म्हणाली.

पुन्हा एक. या वेळी कवेलूंबरोबर लाकूड मोडल्याचाही आवाज होता.

"हे सयपाकघर."

"शांते," खेमराज म्हणाला.  तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"थांबा जरा," ती म्हणाली. "ऐकू द्या मले."